काटोलपर्यंतचा श्वास

‘ठीक आहे’ हे दोन शब्द कोणी उच्चारले की यमुताई सोमकुवरांच्या डोक्यात तिडीक जायची. आता माझ्याही जाते. घरातली माणसं म्हणतात, कुंदा, तुझा स्वभाव त्या पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजनं बिघडवला. एक्स्चेंजनं नाही, यमुताईंनी बिघडवला, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्याहून बाहेरगावी बोलायचं तर आमच्या हातूनच बोलावं लागे. समोर बोर्ड, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या. एक दोरी इकडे खुपसायची, दुसरी तिकडे, आणि ‘हॅलो, आवाज येऊन राहिला का?’ असं विचारून बाजूला व्हायचं. मी सौसरहून नवीन लागले तेव्हा यमुताई तिथल्या सगळ्यांत जुन्या ऑपरेटर होत्या. ठेंगण्या, सावळ्या, केस घट्ट ओढून बांधलेले. गालांवर कायम एक जांभळट लाली. लोक म्हणायचे, बाईंची तब्येत काय छान आहे! ती लाली आजाराची होती. पण विचारतो कोण? गाल लाल दिसले, म्हणजे ठीक आहे.

त्यांचे वडील तिगावला रेल्वेत गँगमन होते. यमुताईंचं सगळं लहानपण रुळांच्या कडेला गेलं आणि त्यांचा आवाजही तसाच झाला होता, गाडी धडधडत जात असतानाही समोरच्याला ऐकू जाईल असा. दीक्षा घेतलेल्या घरातली बाई म्हणजे खाली मान घालून हळू बोलेल, असा आमच्या साहेबांचा काहीतरी समज होता. तो पहिल्याच आठवड्यात फिटला, असं जुने लोक हसत सांगायचे.

लाइनवर दोघं बोलत असताना मध्ये पडायचं नाही, हा आमच्या नोकरीतला पहिला नियम. यमुताईंनी तो माझ्यादेखत मोडला. रामाकोन्याचे एक म्हातारे बाबा भिलाईला मुलाशी बोलायला आले होते. आमच्या खिडकीपाशी उभे राहून ते रडले. म्हातारी अंथरुणाला खिळली होती, अन्न जात नव्हतं. यमुताईंनी धडपडून लाइन लावून दिली. आणि बाबा फोनवर काय म्हणतात, तर, “समदं ठीक हाय बेटा. तुह्या मायची तब्येतही ठीक हाय. तू तुहं सांग.”

यमुताई ताडकन लाइनवर आल्या. “भाऊ, मी एक्स्चेंजमधून बोलून राहिली. काही ठीक नाई. तुमची माय लई बिमार हाय आन बाबा आत्ता इथं रडून राहिले होते. आजची गाडी पकडा.”

साहेबांनी मेमो दिला. यमुताईंनी सही केली आणि म्हणाल्या, “साहेब, आवाज पोचवणं माहं काम हाय ना? तो माणूस लाइनवर होता, पण त्याचा आवाजच पोचून राहिला नव्हता. मी पोचवला.” साहेब म्हणाले, नियम तो नियम. मुलगा आला तेव्हा आई जिवंत होती, हे साहेबांना सांगायला मात्र कोणी गेलं नाही. कारण साहेबांनी विचारलं नाही.

यमुताई खुर्चीत कधी मागे टेकत नसत. घरीही त्या उशा रचून बसल्या बसल्याच झोपायच्या. आडवं पडलं की त्यांना श्वास पुरत नसे. पोरवयात सांधे सुजून ताप येत राहिला होता. त्या तापानं त्यांच्या हृदयातली एक झडप चिकटून अरुंद झाली होती. आमच्याकडे सगळे त्याला ‘वॉल खराब आहे’ म्हणतात. मी एक्स्चेंजमध्ये आले त्याच सुमारास त्या वाक्य बोलताना मध्येच थांबू लागल्या होत्या. ‘नागपूर’ म्हणायच्या आणि ‘बोलून राहिलं’ म्हणायच्या आधी श्वास घ्यायच्या. ज्या बाईची भाकरीच आवाजावर, तिचा श्वास असा वाक्याच्या मध्यावर तुटत होता.

तेव्हा नागपूरच्या एका दवाखान्यात नवीन उपाय सुरू झाला होता. छाती न फाडता मांडीच्या शिरेतून नळी वर न्यायची, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा आणि चिकटलेली झडप मोकळी करायची. बाहेरून एक मोठे डॉक्टर त्यासाठी येत. पेशंट जागाच असतो. जागं माणूस आपलं काय होतंय ते सांगू शकतं, ही किती सोयीची गोष्ट! फक्त ऐकणारा हवा.

पुढचा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण यमुताईंनी इतक्यांदा आणि इतक्या संतापानं सांगितला की मला त्या टेबलाचा गारवा पाठीला लागतो. त्यांना सपाट झोपवलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, माहा जीव घाबरून राहिला.”

आता आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल की जीव घाबरतो म्हणजे काय. छातीत हवा कोंडते, श्वास वरच्या वर राहतो, माणूस उठून बसायला धडपडतं. त्यात भीतीचा काही संबंध नाही. उन्हात चढ चढलेला निधड्या छातीचा पैलवानही म्हणेल, जीव घाबरून राहिला, थांब जरा.

मोठे डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांनी ‘घाबर’ एवढंच ऐकलं. “घबराना नहीं, अम्मा. डरने की कोई बात नहीं.”

“डरी नहीं साहब. जीव घाबर रहा है. मेरे कू बिठाओ.”

“हाँ हाँ, घबराओ मत.”

यमुताईंनी पुन्हा सांगितलं, तर कोणीतरी कपाळावर हात ठेवला. पुन्हा सांगितलं, तर मन शांत व्हायची सुई देऊ या, असं आपसात बोलणं झालं. माणूस बुडतंय, ते ‘पाणी पाणी’ ओरडतंय, आणि काठावरचे विचारतायत, तहान लागली का? शेवटी श्वास उरला नव्हता तरी यमुताईंनी होता नव्हता तेवढा जोर काढून आपल्या बोर्डावरच्या आवाजात हाक दिली, “हॅलो! माहा आवाज येऊन राहिला का?”

सगळे हसले. बाईंचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं. मग तोंडाला गुलाबी फेस आला तेव्हा कुठे धावपळ झाली, त्यांना उठवून बसवलं, औषधं दिली. फेस दिसला म्हणून. फेसावर विश्वास, बाईवर नाही.

त्या वाचल्या. दुसऱ्या खेपेला फुगा नीट फुगला आणि झडपही मोकळी झाली. मी भेटायला गेले त्याच सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन खाटेपाशी आले आणि यमुताईंकडे बोट दाखवून म्हणाले, “यह पेशंट बहुत डर गई थी.” घोळक्यातला एक तरुण डॉक्टर मागे थांबला. पुण्याकडचा होता, मराठी स्वच्छ. पेशंटला काय अनुभव आला ते विचारायचं काम त्याच्याकडे होतं. तो गोड आवाजात म्हणाला, “काकू, त्रास थोडा झाला, मध्यम झाला, की फार झाला?”

“कशाचा?”

“म्हणजे… एकूण.”

“एकूण!” यमुताई उसळल्या. “तुमी भाजी तोलून राहिले का? सुई टोचली तो काटा रुतल्यासारखा होता. नळी आत सरकली तो विंचू होता. आन जीव घाबरला तो… त्याले माप नाई तुमच्याजवळ. आन ते तुमचे साहेब सांगून राहिले मी डरली! मी घाबरली नव्हती. माहा जीव घाबरला होता. कळून राहिलं का काही?”

त्या पोराला ते कळलं नाही, पण लागलं. त्यानं मान खाली घातली आणि खाटेवर बसून विचारलं, “मग माप कसं घ्यायचं?” यमुताईंच्या शेजारच्या दोन्ही खाटांवरच्या बायकांनी मात्र त्याला आधीच सांगून टाकलं होतं, “ठीक हाय जी, काही तरास नाई.” त्यांचे ओठ तेव्हाही निळे होते.

माप यमुताईंनी पांढुर्ण्यात परतल्यावर काढलं. रेल्वेवाल्याच्या मुलीला ते दूर शोधायला जावं लागलं नाही. नागपूरच्या वाटेवरची स्टेशनं घेतली. तिगाव, पांढुर्णा, नरखेड, काटोल, कळमेश्वर, नागपूर. बोर्डावर बोलतो तसं सावकाश, एकेक नाव सुटं करून, एका श्वासात म्हणायचं. श्वास जिथं तुटला तिथं माणूस ‘उतरलं’. धडधाकट माणूस नागपूरला जाऊन परतीच्या वाटेलाही लागतं. फुग्याच्या आधी हे माप असतं, तर यमुताई स्वतः नरखेडलाच उतरल्या असत्या. आता नागपूरच्या फाटकातून आत शिरायच्या आणि मला डोळा घालायच्या.

वॉलचे पेशंट आमच्या भागात थोडे नव्हते. ते यमुताईंकडे येऊ लागले. आला माणूस की पहिला दम, “ठीक हाय म्हटलं तर हाकलून देईन.” मग दुखण्याचं माप. बायांसाठी काटा, विंचू आणि बाळंतपण. बाप्यांना बाळंतपण काय कळणार, म्हणून त्यांच्यासाठी गोटा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर गोटमारीच्या दगडफेकीत डोकं फोडून घेतलेले बाप्ये आमच्याकडे घरोघर सापडतात. गोटा बसणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. आणि शेवटी श्वासाचं माप, स्टेशनांचं. एक्स्चेंजच्या ओट्यावर एखादे आजोबा ‘काऽटोऽल’ म्हणून धापा टाकत बसायचे आणि यमुताई जाहीर करायच्या, “बाबा काटोलले उतरले. नागपूरची चिठ्ठी घ्या डॉक्टरकून.” लोकांना गंमत वाटे. मला राग येई. दवाखान्यात मोजायचं ते इथं टेलिफोनवाली बाई का मोजतेय?

मग बोरगावची मंदा आली. नवं लग्न झालेली, मजुरी करणारी, आवाज इतका बारीक की यमुताईंनाही कान पुढे करावा लागला. ती काटोलच्या पुढे जात नव्हती. तिची नागपूरची तारीख ठरली तेव्हा यमुताईंनी तिला समोर बसवलं.

“टेबलावर जीव घाबरला तर काय म्हणशील?”

“काही नाई म्हणणार जी. डॉक्टरसाहेब रागावतीन.”

यमुताईंनी कपाळावर हात मारला. “अवं माय! रागावू दे ना. मरशील तर रागावतीन का? हे पाय, घाबरते म्हणायचंच नाई. ते शब्द त्यायले उलटेच ऐकू येते. तू टेसनं म्हण. जिथं दम तुटला ते टेसन मोठ्यानं म्हण. जीव घाबरला म्हणायले जेवढा दम लागते, तेवढ्यात टेसन होते.”

मंदाबरोबर तिची आई, यमुताई आणि मी, अशा चौघी नागपूरला गेलो. यमुताईंनी वॉर्डात त्या पुण्याकडच्या डॉक्टरला गाठलं, स्टेशनांचा हिशेब त्याच्या डोक्यात बसेपर्यंत सोडलं नाही. तो हसला, पण स्वतः एकदा नागपूरपर्यंत म्हणून बघितलं. मंदाला आत नेलं आणि आम्ही बाकावर बसलो.

आत काय झालं ते त्या पोरानंच नंतर बाहेर येऊन सांगितलं. मंदा सपाट पडून होती. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “ठीक है ना, बेटी?” ती म्हणाली, “ठीक हाय.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “काटोल.” कोणी लक्ष दिलं नाही. मग म्हणाली, “नरखेड.” मोठे डॉक्टर म्हणाले, “यह नरखेड की है क्या? फाइल में तो बोरगाव लिखा है.” तेवढ्यात तिच्या तोंडून ‘पांढुर्णा’ निघालं, आणि त्या पोराच्या डोक्यात उजेड पडला. तो ओरडला, “सर, साँस टूट रही है, बिठाइए!” मोठ्या डॉक्टरांनी आधी त्याला झापलं आणि मग मंदाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. तिला बसवलं. औषध दिलं, वाट पाहिली, श्वास परत कळमेश्वरापर्यंत गेला तेव्हा पुढचं काम केलं. झडप मोकळी झाली. मंदा आजही बोरगावात आहे.

मोठे डॉक्टर बाहेर आले ते तणतणतच. “आप लोगों ने लड़की को क्या सिखाके भेजा है? यह अस्पताल है या रेलवे स्टेशन?”

यमुताई उठून उभ्या राहिल्या. “साहब, मैंने जीव घाबर रहा है बोला, तो आपको सुनाई नहीं दिया. स्टेशन बोले, तो सुनाई दिया. अब आप ही बताओ ये क्या है.”

ते पाठ फिरवून निघून गेले. मंदाच्या आईनं यमुताईंचे पाय धरले. मला वाटलं होतं यमुताई खूश होतील, पण परतीच्या गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी म्हटलं, “ताई, जिंकलो ना आपण?”

“काय जिंकलो?” त्या फणकारल्या. “पोरीले आपली बोली गिळून टेसनं घोका लागले. तिनं ‘ठीक हाय’च म्हटलं ना आधी? तिले मरायले हरकत नव्हती, कुंदे. साहेबाले वाईट वाटू नये, एवढंच पाह्यत होती ते. आन तो साहेब विचारून तरी कसा राहिला? ‘ठीक है ना?’ हा सवाल हाय का? हे तर उत्तर हाय.”

हे तर उत्तर आहे. इतकी वर्षं झाली, मला यापेक्षा खरं बोललेलं कोणी भेटलेलं नाही. माणसाच्या तोंडात आपणच उत्तर कोंबायचं, त्यानं ते भिडेपोटी गिळायचं, आणि मग आपण जगाला सांगायचं की पेशंटची काही तक्रार नाही! संताप येतो. त्या डॉक्टरांचा हात चांगला होता, त्यांनी माणसं वाचवली, हे मी नाकारत नाही. पण हात चांगला असला म्हणजे कान बंद ठेवायची परवानगी मिळते, हे कोणी ठरवलं?

यमुताईंची झडप दोनेक वर्षांत पुन्हा आवळत आली. आधी त्या कळमेश्वराला उतरू लागल्या, मग काटोलला. स्वतःच मला सांगायच्या, बिनदिक्कत, आज कुठं उतरली ते. नागपूरला दाखल झाल्या तेव्हा माझी ड्यूटी होती. मला रजा मिळाली नाही. तो पुण्याकडचा डॉक्टर तोवर तिथून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोर्डावरून त्या दवाखान्याची लाइन लावली आणि वॉर्ड मागितला. फोनवर कोण होतं ते मला माहीत नाही.

“सोमकुवरबाई कैसी हैं?”

“ठीक हैं.”

“किसी ने पूछा उनसे?”

“पूछना क्या है, लेटी हैं आराम से. थोड़ा बड़बड़ा रही हैं बस. स्टेशन का नाम ले रही हैं.”

“कौन सा स्टेशन?”

“अब हमको क्या मालूम. तिगाव, तिगाव कर रही हैं. वहीं की हैं शायद.”

तिगाव. पहिलंच नाव. पांढुर्ण्यापर्यंतही श्वास नव्हता. मी ओरडले, “उन्हें बिठाओ! डरी नहीं हैं, बड़बड़ा नहीं रहीं, साँस नहीं है, उठाके बिठाओ!” साहेब आपल्या खोलीतून धावत आले. तिकडून आवाज आला, “मॅडम, घबराइए मत, सब ठीक है,” आणि फोन ठेवला गेला. मी पुन्हा पुन्हा लाइन लावत राहिले. संध्याकाळी लागली तेव्हा यमुताई गेल्या होत्या.

त्या कशानं गेल्या हे डॉक्टरांना माहीत असेल. जाताना त्यांना काय होत होतं हे त्या शेवटपर्यंत सांगत होत्या, अगदी बरोबर मापात सांगत होत्या, आणि तिथल्या एकाही माणसाला ते कळलं नाही. याची चीड माझ्या मनातून गेलेली नाही. ती जाऊ नये असंच मला वाटतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आदल्या सकाळी, पांढुर्ण्याच्या स्टेशनवर. त्यांचा भाऊ डबे आणि पिशव्या लावत होता. यमुताई खिडकीशी ताठ बसल्या होत्या, पाठ न टेकता. गालांवर तीच लाली. शेजारची बाई त्यांना म्हणाली, “तब्येत छान हाय हो तुमची,” तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून असे डोळे फिरवले की मला हसू आलं.

गाडी हलली. त्या खिडकीतून बाहेर वाकल्या आणि काहीतरी म्हणू लागल्या. ओठ हलताना दिसत होते. मग नेहमीच्या सुरात प्रश्न आला, “कुंदे, आवाज येऊन राहिला का?”

अशा वेळी सगळे ‘हो हो’ म्हणतात आणि हात हलवतात. मी चालत चालत ओरडले, “नाही, ताई! काहीच ऐकू येत नाही! मोठ्यानं बोला!”

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिगाव मला स्पष्ट ऐकू आलं. पुढची नावं गाडीच्या आवाजात गेली.